तालुकदाराच्या बागेत पुरणपोळी

आखणी कशाला म्हणतात ते कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडं यावं! मी तुळजापूरच्या शाळेत भूगोल शिकवतो. कुठं जायचं, कुठल्या दिशेनं जायचं, वाटेत नद्या किती आणि डोंगर किती, सगळं माझ्या बोटांवर असतं. त्यामुळं एकोणीसशे एकोणसाठ साली, भाद्रपदातल्या वद्य पक्षात, आमच्या सौभाग्यवतींना एक दिवसाची सुट्टी देण्याची जी आखणी मी केली, तिच्यात चूक निघणं शक्यच नव्हतं. निदान त्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत माझं तसं पक्कं मत होतं.

सुट्टी कसली, ते आधी सांगतो. आमचं घर पुजाऱ्याचं. मी मास्तरकी करतो खरा, पण माझे वडील विष्णुपंत अजून रोज ओट्यावर वही घेऊन बसतात. ही वही म्हणजे आमच्या घरचा वेद! कुठलं गाव आमचं, त्या गावातलं कुठलं घराणं आमचं, कुणाचा मुलगा कोण, कुणाचा पणजोबा कधी आला होता, सगळं तिच्यात आहे. आणि एकदा वहीत चढलं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. भूमकडच्या एका घराण्याला जेवताना ताक उजव्या हाताला ठेवायचं असतं. का? तर त्यांच्या कुणा खापरपणजोबाचा डावा हात मोडला होता आणि आमच्या खापरपणजोबांनी ते लिहून ठेवलं! तो हात कधीच राखेत गेला, ताक अजून उजवीकडंच आहे.

तर हे यजमान लोक देवीला आले की आमच्याकडं उतरतात, आमच्याकडं जेवतात, आणि त्यांचा नैवेद्य आमच्याच चुलीवर होतो. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र. कधी चार माणसं, कधी चाळीस. आणि चुलीपाशी कोण? वनमाला!

एकदा ती एवढंच म्हणाली होती, "लग्नाला बारा वर्षं झाली. या घरात मी एक दिवस माणसं मोजून कणीक मळलेली नाही. आपली घरचीच माणसं, आणि कुणी तरी मला वाढतंय, असं एकदा जेवायचंय मला."

मी तिथल्या तिथं छातीवर हात मारून म्हणालो, "बस! तालुकदाराची बाग!"

ही बाग उस्मानाबादच्या पलीकडं बालाघाटाच्या घाटात, अगदी डोंगराच्या कडेला. निजामाच्या अमदानीत कुणा हौशी तालुकदारानं, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरानं, हवा खायला करवून घेतलेली. राज्य बदललं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, दारावरची उर्दू पाटी खरवडून तिथं 'जनता उद्यान' लिहिलं गेलं. पण लोक म्हणतात तालुकदाराचीच बाग. तिथं काश्मिरी गुलाब आहेत, चाफ्याखाली दगडी बाक आहे, त्या बाकावर बसलं की साऱ्या दरीचा मुलूख पायाखाली दिसतो. हे मी वनमालाला बारा वर्षं सांगत होतो. मी स्वतः ती बाग पाहिलेली नव्हती. पण न पाहिलेलं शिकवणं हेच तर भूगोलाच्या मास्तराचं काम! मी ॲमेझॉन तरी कुठं पाहिलीय?

दिवस कसा निवडला पाहा. नवरात्राच्या आधी आठ दिवस आमची देवी निद्रेला जाते. मूर्ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. नवरात्र तोंडावर आलेलं असतं, त्यामुळं लोक म्हणतात, आता दहा दिवसांनीच जाऊ. म्हणजे देवी झोपलेली आणि यात्रेकरू घरी! त्या आठ दिवसांतला मंगळवार गाळला, शुक्रवार गाळला आणि बरोबर गुरुवार धरला. शाळेत रजा टाकली. आमच्या घरची पितरांची तिथीही आधीच होऊन गेली होती. वडील म्हणाले, "जा. मी घर सांभाळतो. कोण येतंय आता?"

मग मी एका वहीत दिवसाचं वेळापत्रक केलं. साडेपाचची मोटार. नऊ वाजता बाग. नऊ ते दहा पुष्पनिरीक्षण. दहा ते अकरा बाकावर बसून दरी पाहणे. अकराला जेवण, आणि त्याच्यापुढं कंसात, 'वाढप: मी'. हे लिहीत असताना शाळेत पोस्टमन आला आणि एक कार्ड देऊन गेला. इतक्या महत्त्वाच्या कामात कार्ड कोण वाचतो! सावकाश वाचू म्हणून ते मी त्याच वहीत घातलं.

बुधवारी संध्याकाळी वनमालानं पाच माणसांच्या दशम्या केल्या. वीस दशम्या, शेंगाची चटणी, दही. मला बोलावून म्हणाली, "अहो, बघा तरी! केवढीशी परात पुरली!" आणि ती परात तिनं नवी असल्यासारखी दोनदा पुसून ठेवली. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

आता मुलांविषयी. शारदा नऊ वर्षांची, अंबादास सात, आणि मंगल तीन. दुसऱ्यांची मुलं पाढे म्हणतात, आमची मुलं गावं म्हणतात! आजोबांनी त्यांना पाळण्यापासून तयार केलंय. मोटार थांबली की धावायचं. गाठोडं दिसलं की विचारायचं: कुठलं गाव? आडनाव काय? आपलं निघालं की कुंकू लावायचं आणि हात धरून घरी आणायचं. अंबादास शाळेत पाटी विसरेल, दप्तर विसरेल, एकदा तर सदरा विसरला होता. पण खिशातला कुंकवाचा करंडा कधी विसरत नाही.

बागेच्या दारात उतरलो तेव्हा बरोबर नऊ वाजले होते. मी वनमालाला घड्याळ दाखवलं. दारात माळी उभा होता, शरणप्पा नावाचा, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या अधिकाराचा.

"फूल तोडायचं न्हाई! गवतावर चालायचं न्हाई! विस्तव तर बिलकूल न्हाई! साहेबाचा हुकूम हाय," तो म्हणाला.

"कुठलं गाव तुमचं? आडनाव काय?" शारदानं विचारलं.

"आळंदकडचा मी."

"आळंद आपल्याकडं न्हाई," शारदा गंभीरपणे अंबादासला म्हणाली. "ते कोपऱ्यावरच्या काकांकडं."

शरणप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी शरमेनं लाल! मुलांना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात दम भरला. "आज कुणालाही गाव विचारायचं नाही! आज आपण पुजारी नाही. आज आपणच यात्रेकरू!"

"मग आपले पुजारी कोण?" अंबादासनं विचारलं. याचं उत्तर भूगोलात नव्हतं.

आम्ही आत शिरलो. पहिला वाफा शेवंतीचा होता, एवढं मला नक्की आठवतं. दुसरा कसला होता कोण जाणे. मेंदीच्या कुंपणापलीकडं लांबवर एका दगडी बाकाची पाठ दिसत होती आणि वर चाफा. वनमालानं पदर सावरला आणि इतकी भराभर निघाली की मला तिच्यामागं जवळजवळ पळावं लागलं! बारा वर्षांत तिला अशी चालताना मी पाहिलंच नव्हतं. बाक दहा पावलांवर आला असेल नसेल, तेवढ्यात दाराबाहेर धडधड, फटफट आणि मग फुस्स असा आवाज झाला.

मी वळून पाहिलं. एक मालट्रक उभा होता आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. घाट चढून त्याचं पाणी संपलं होतं. ड्रायव्हर बादली घेऊन बागेच्या हौदाकडं धावला. आणि ट्रकमधून माणसं उतरायला लागली. पागोटी, लुगडी, पोरंसोरं, गाठोडी, पातेली, एक भली मोठी परात आणि बाळाच्या दुधासाठी आणलेली एक शेळी!

मुलांचे कान टवकारले. शारदाचे ओठ हलायला लागले. अंबादासचा हात खिशात गेला.

"खाली बसा!" मी ओरडलो.

"कुठं?" वनमाला म्हणाली.

"कुंपणाआड! सगळ्यांनी! पाणी घालतील आणि जातील. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

बसलो! शाळेतला भूगोल-शिक्षक, त्याची धर्मपत्नी आणि दोन मुलं, मेंदीच्या कुंपणाआड उकिडवी. मी मुलं मोजली. एक, दोन. पुन्हा मोजली. एक, दोन!

मंगल दाराशी पोचली होती. कमरेवर दोन्ही हात ठेवून ती एका पागोटेवाल्याला विचारत होती, "कुत्लं गाव? आदनाव काय?"

"आरं माज्या बाय!" पागोटेवाला हसला. "आमी ईटचं. हुंबे."

ईट म्हटल्यावर अंबादास कुठला थांबतोय! त्यानं एका उडीत कुंपण ओलांडलं. "ईटचे हुंबे? लिंबाजी का उत्तम?"

"लिंबाजी!"

"तुमचे पुजारी आमीच!" आणि करंडा बाहेर! शारदा माझ्याकडं एकदा 'आता माझा इलाज नाही' असं पाहून त्याच्यामागं गेली. मिनिटाभरात निम्म्या ट्रकाच्या कपाळांवर मळवट भरला गेला होता. शरणप्पानं मध्ये तोंड घातलं, तर अंबादासनं त्यालाही कुंकू फासलं.

आता उठल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी उठलो. डोक्यात मेंदीचा पाला होता म्हणे. लिंबाजीनं मला पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"आई! आगं आई! बघ की कोण हाय! नारायणराव सामोरं आल्यात!"

त्याची आई मथुराबाई, सत्तरीची, काटक, ट्रकच्या सावलीत बसली होती. ती काठी टेकत आली. "आमाला घ्याया? एवढ्या लांब? लेकरंबाळं घिऊन?"

"मग पत्र पोचलं म्हनायचं," लिंबाजी म्हणाला. "मी म्हनलंच हुतं आईला, पत्र घातलंय म्हनल्यावर नारायणराव इसरायचे न्हाईत!"

मित्रांनो, इथं माझं चुकलं. 'कसलं पत्र?' एवढे दोन शब्द बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तीस माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मथुराबाई वाकून माझ्या पायांना हात लावत होती. असा मान मला शाळेत कधी मिळत नाही हो! माझ्या तोंडून निघून गेलं, "हो हो! पत्र पोचलं ना! म्हटलं, आपली ईटची मंडळी येताहेत, घाटापर्यंत तरी सामोरं जायला पाहिजे!"

मागून, कुंपणाआडून, फक्त एक शब्द आला. "काय?"

वनमाला उभी राहिली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"निजामाला बी कुनी असं सामोरं गेलं नसंल," मथुराबाई डोळे पुसत म्हणाली. "मग इथंच समदी सोय केली म्हना की! लई झाक केलंत. ए, उतरा रं समदं सामान!"

"सामान कशाला? पाणी घातलं की निघायचंच ना?" मी घाईघाईनं म्हणालो.

"कसलं निघतो!" ड्रायव्हर ट्रकच्या पोटाखालून बोलला. "पाण्याची नळीच फुटली. उस्मानाबादला जाऊन आणतो. दुपार तर कलणारच."

तो मिळेल त्या मोटारीनं निघून गेला आणि लिंबाजीनं मला सगळं सांगितलं, म्हणजे पत्रात जे लिहिलेलं होतं ते. घरात पाच पोरींवर नवसानं मुलगा झाला होता, उत्तरेश्वर. त्याला देवीच्या पायावर घालायचं. नवरात्रात गर्दीत बाळ चेंगरतं म्हणून आधीच निघाले. नैवेद्य पुरणाचा, आणि तो आजच्याच दिवशी दाखवायचा, असं मथुराबाई बोलली होती. मूल झाल्यापासून तिनं पुरण तोंडात घातलेलं नव्हतं, आणि आज तर पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नव्हता.

"देवी निजलीय सध्या," मी शेवटचा प्रयत्न केला. "पलंगावर आहे. उद्या तुळजापुरात गेल्यावर..."

"निजली आसंना का! वास तर जाईल? हितनं दाखवू तिला. डाळ, गूळ, तूप समदं संगं हाय. वैनींच्या हातचं पुरण झालं की झालं. पुजाऱ्याच्या घरचाच हात लागतो, व्हय का न्हाय?"

लागतो. वहीत आहे.

मी वनमालाकडं गेलो. ती बाकाकडं पाठ करून उभी होती. आवाज शांत होता. तिचा आवाज शांत झाला की मला खरी भीती वाटते.

"पत्र आलं होतं?"

"छे गं! मी आपलं त्यांचं मन राखायला खोटंच बोललो. देवीशपथ सांगतो, पत्रबित्र काही..."

"आई, हे बघ आजचं वेळापत्रक!" अंबादास माझी वही हातात घेऊन धावत आला. आईला खूश करायला आला होता बिचारा! त्यानं वही उघडली आणि तिच्यातून ते कार्ड वनमालाच्या पायाशी पडलं. तिनं उचललं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. 'गुरुवारी दुपारपर्यंत पोचतो. माणसं एकतीस. वैनींस पुरणाचे सांगावे.'

मी खोटं बोललो होतो की पत्र पोचलं, आणि ते खरं निघालं! खरं बोललो की पोचलं नाही, तर ते खोटं ठरलं! जगात कुणाच्या वाट्याला असं आलं असेल तर त्यानं मला भेटावं.

"वाढप: मी," वनमालानं वेळापत्रकातली ओळ मोठ्यानं वाचली. पदर कमरेला खोचला. आणि बाकाकडं एकदाही न बघता ट्रकच्या दिशेनं चालू लागली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती मोठ्या परातीकडं बघत होती, आणि आदल्या संध्याकाळची ती छोटी परात मला आठवत होती. माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण विचार करायला वेळ कुठं? शरणप्पा उसळला. "विस्तव न्हाई म्हणलो ना मी!" लिंबाजीच्या माणसांनी तीन दगड मांडलेसुद्धा होते. शरणप्पानं एक दगड काढला की दुसरा आणून ठेवत होते. शेवटी मथुराबाईनं त्याच्या कपाळाकडं बोट दाखवलं. "मळवट भरलाय तू. आता तू बी आमच्यातलाच. लाकडं कुठं हाईत?" शरणप्पानं कपाळाला हात लावला, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, जाऊन वाळक्या फांद्यांचा भारा घेऊन आला.

"दाराबाहेर पेटवा पण," तो म्हणाला. "आन्‌ पुरण कशावर वाटणार?"

पाटा नव्हता. बायकांनी बागेतली एक गुळगुळीत फरशी शोधून घासून धुतली. शरणप्पा कळवळला. "त्या फरशीवर तालुकदारसाब खुर्ची टाकून हवा खायचे हो!" तोवर शेळी सुटली होती. ती काश्मिरी गुलाबांत सापडली. म्हणजे शेळी सापडली. गुलाब राहिले नव्हते. बाग बघायला आलेल्या एवढ्या माणसांत पुष्पनिरीक्षण वेळापत्रकाप्रमाणं केलं ते एकट्या शेळीनं!

डाळ शिजायला लागली. धूर असा की वनमालाचा चेहरा दिसेना. ती फुंकणी नाही म्हणून तोंडानंच जाळ फुंकत होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "मी काही मदत करू?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा फुंकायला लागली.

मंगल रडायला लागली तेव्हा मथुराबाईनं तिला मांडीवर घेतलं. "काय झालं गं माज्या बाईला?"

"आईला बाकावल बशायचंय," मंगल हुंदके देत म्हणाली.

"कसल्या बाकावर?"

मी पुढं धावलो, पण शारदा माझ्या आधी बोलली. आमच्या शारदाला खोटं बोलता येत नाही. माझ्यावर गेली नाही ती. "आज आईची सुट्टी होती. आम्ही तुम्हाला घ्यायला न्हाई आलो, आजी. बाग बघायला आलो होतो. आईनं पाचच माणसांचा स्वयंपाक केला होता, आणि बाबा वाढणार होते. बाबांनी पत्र वाचलंच न्हाई."

लिंबाजी माझ्याकडं बघत होता. मी दरी कुठं आहे ते शोधत होतो, उडी मारायला.

मथुराबाईनं मंगलचे डोळे पुसून तिला मांडीवरून उतरवलं. मग म्हणाली, "सुट्टी! आसतीय व्हय बाईला सुट्टी? मला तर साठ वर्सांत कुनी दावली न्हाय." काठी टेकून ती उठली आणि चुलीपाशी गेली. वनमालाचा हात धरला. "उठा, लेकी. बाकावर चला."

"अहो, नैवेद्य राहिलाय! तुम्ही पाणीसुद्धा घेतलेलं नाही. आणि आमच्याच घरचा हात लागतो ना?"

"लागतो की! पुजाऱ्याच्या घरचा हात. बाईचा हात आसं कुठं म्हनलंय?" आणि ती माझ्याकडं वळली. तिच्याबरोबर तीस माणसं माझ्याकडं वळली. "पुजारी तर ह्ये उभं हाईत!"

"मी?" मी दोन पावलं मागं सरकलो. "मी भूगोल शिकवतो!"

"शिकवा की. कोन न्हाय म्हनतंय? बसा!"

बसलो! मथुराबाईच्या सुना लांब उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. माझ्या पुरणाला त्यांनी हात लावायचा नव्हता. मी डाळ उपसली, गूळ घातला, तालुकदाराच्या फरशीवर पुरण वाटलं. घामानं सदरा चिकटला. कणीक मळली, ती पहिल्यांदा पातळ झाली, मग दगड झाली. पहिली पोळी मी लाटली ती जुन्या हैदराबाद संस्थानाच्या आकाराची झाली आणि तव्यावर टाकताच तिचे तीन तुकडे पडले. भाषावार!

"वाईच हलक्या हातानं, मास्तर!" सुना ओरडायच्या. पोरं गोल करून बघत होती. अंबादास आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मोटारवाल्याला थांबवून सांगत होता, "आमचे बाबा पोळ्या करतात!" त्यातले दोघे माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप निघाले.

अकरावी पोळी तेवढी पोळीसारखी झाली. मथुराबाईनं ती नैवेद्याला घेतली. "दिशा कुठली, मास्तर?" मी आत्मविश्वासानं हात केला. शरणप्पानं माझा खांदा धरून मला अर्धा फिरवला. मग त्या दिशेला, डोंगरांच्या आड निजलेल्या देवीला नैवेद्य दाखवला गेला. म्हातारीनं उत्तरेश्वराला तिकडं तोंड करून धरलं, पाण्याचा पहिला घोट घेतला, आणि खरं सांगतो, त्या धुरातही माझे डोळे निराळ्या कारणानं भरून आले.

मग तिनं दुसरी पोळी पत्रावळीवर घेतली, वर तुपाची धार धरली आणि ती घेऊन बाकाकडं गेली. मी चुलीपाशी बसून कुंपणावरून पाहत होतो. बाकाची पाठ दिसत होती, आणि बाकावर वनमालाचा अंबाडा. सत्तर वर्षांची मथुराबाई वाकून तिला वाढत होती. वनमाला उठायला गेली तेव्हा तिनं खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. नंतर बराच वेळ तो अंबाडा हलला नाही. ती दरी बघत असावी. मला तिथून दरी दिसत नव्हती. आणि तवा जळत होता!

नळी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे ट्रकमध्ये चढलो. मी पिठानं पांढरा, धुरानं काळा. वनमाला पुढं ड्रायव्हरजवळ मथुराबाईच्या शेजारी बसली होती. पदरात चाफ्याची चार फुलं होती. शरणप्पानं स्वतः तोडून दिली होती म्हणे! मागच्या फळीवर शेळी माझ्या धोतराचा सोगा चघळत होती, आणि मला तिला हाकलण्याचंही त्राण नव्हतं.

घरी ओट्यावर वडील कंदिलाजवळ वही उघडून बसलेले. मथुराबाईनं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पंत, माजा नवस पुरा झाला. आसं ग्वाड पुरण म्या जन्मात खाल्लं न्हाय. ल्ह्या वहीत!"

मी पुढं झालो. "बाबा, एवढं काही लिहायला नको..."

वडिलांनी बोरू दौतीत बुडवला. मी त्यांचा हात धरण्याच्या आत लिहून झालं होतं. 'ईटकर हुंबे. भाद्रपद वद्य, निद्राकाळ. पुरणाचा नैवेद्य चि. नारायणाच्या हातचा.' खाली वाळू टाकून त्यांनी ते वाळवलं. वनमाला दारात उभी होती. बारा वर्षांत इतकं मनापासून हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. ईटकर दर वर्षी निद्राकाळातल्या गुरुवारी येतात. मध्यंतरी त्यांच्या भावकीनंही मागणी केली, तीही वहीत चढली. त्या दिवशी मी शाळेत रजा टाकतो आणि पहाटे कणीक मळतो. आता पोळी गोल होते. आणि त्याच दिवशी वनमाला मुलांना घेऊन साडेपाचच्या मोटारीनं बागेला जाते.

गेल्या वर्षी ती परत आली तेव्हा मी परातीशी बसलो होतो. विचारलं, "कशी आहे गं ती बाग?"

"इश्श! तुम्हीच तर बारा वर्षं सांगत होता," ती म्हणाली आणि चाफ्याची फुलं देवापुढं ठेवायला आत गेली.

तेव्हा तालुकदाराची बाग कशी आहे असं मला कुणी विचारू नका. मी अजून पाहिलेली नाही. यंदा ईटकरांनी अठ्ठेचाळीस माणसं कळवली आहेत. कार्ड आलं त्याच दिवशी मी वाचलं. दोनदा!